माईंनी थोपवलेली तिन्हीसांज

शुक्रवारी दुपारी मी वॉर्डमध्ये शिरले, तर माई ब्लँकेटमधून दोन्ही पाय बाहेर काढून माझीच वाट बघत पडल्या होत्या. "आलीस? बघ बाई, नखं केवढी वाढलीत. उद्या शनिवार, उद्या चालायचं नाही. आजच उरकून टाक." माई म्हणजे माझ्या सासूबाई. छातीला वायरी, नाकात नळी, आणि बाईंना पडलंय नखांचं! मी गाडीतून माझी बॅग आणली, हात धुतले, आणि कामाला लागणार तेवढ्यात एका नर्सने मला हटकलं. माईंनी तिला हातानेच थांबवलं. "शी इज माय फूट स्पेशालिस्ट," असं म्हणून त्यांनी जरा दम घेतला आणि पुढे जोडलं, "ऑल्सो माय डॉटर-इन-लॉ. बट फर्स्ट, फूट स्पेशालिस्ट." नर्सला हसू आवरेना. ती पायांखाली घालायला कागदी चादर देऊन गेली. मी नखं कापली, टाचांना क्रीम चोळलं. माईंनी दोन्ही पाय आळीपाळीने हलवून पाहिले आणि म्हणाल्या, "झालं. आता कुठेही जायला मी मोकळी." मला वाटलं, घरी यायचं म्हणताहेत... रविवारी सकाळी हॉस्पिटलचा फोन आला.

त्याला आता काही आठवडे झाले. कॉव्हेंट्रीहून, स्लाऊहून, पुण्याहून अजून फोन येतात. "सुटल्या हो बिचाऱ्या," असं कोणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. सुटायला त्या अडकल्या कुठे होत्या? आदल्या आठवड्यापर्यंत बाई स्वतःच्या पायांनी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन कोथिंबीर आणत होत्या, आणि ती शिळी निघाली तर परत जाऊन भांडत होत्या. बिचाऱ्या तर त्या कधीच नव्हत्या. बिचारे असलोच तर आम्ही, त्यांच्या तावडीत सापडलेले. मला त्यांची आठवण येते, फार येते, आणि गंमत म्हणजे आठवण आली की आधी हसूच येतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

माई लग्न होऊन कॉव्हेंट्रीला आल्या तेव्हा नाना तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते. नानांनी जन्मभर लोकांच्या छात्या तपासल्या, पण स्वतःचे मोजे काढून कधी धड पाहिलं नाही. डायबिटीस होता. आधी एक बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. माईंनी ते सगळं निस्तरलं. नाना गेल्यावर त्या आमच्याकडे नॉटिंगहॅमला आल्या, तोवर त्यांनाही डायबिटीस लागलेला. पण त्यांनी आल्या आल्या जाहीर करून टाकलं, "मी वर जाईन ती दोन्ही पायांवर चालत. तिथे नानांना हात द्यायला कोणी नको का?" हे त्या पाहुण्यांना सांगायच्या, डॉक्टरला सांगायच्या, बसस्टॉपवर भेटलेल्या अनोळखी गोऱ्या बाईलाही सांगायच्या. त्यांच्या लेखी आयुष्यात मिळवायचं आता तेवढंच उरलं होतं.

माझा नवरा नितीन कॉव्हेंट्रीतच जन्मला आणि वाढला. डॉक्टरांचा मुलगा शाळा संपताच फौजेत गाड्या दुरुस्त करायला गेला, तेव्हा इथल्या मराठी मंडळींत बरीच कुजबुज झाली होती म्हणे. मी पुण्याहून लग्न करून आले ती थेट एका छावणीतल्या क्वार्टरमध्ये. दर दोन-तीन वर्षांनी बदली. मी कुठे शाळेच्या ऑफिसात चिकटले की निघालं सामान, कुठे अकाउंट्सचा कोर्स सुरू केला की निघालं सामान. बी.कॉम. झालेली मी, या देशात एकही गोष्ट पुरी करू शकले नाही. शेवटी नॉटिंगहॅमला स्वतःचं घर घेतलं आणि मी एका केअर होममध्ये लागले. म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या, कपडे बदलायचे. काम वाईट नव्हतं, पण रात्री पाठ टेकली की वाटायचं, वैशाली, तुझं स्वतःचं असं काय झालं गं?

नितीनचं फौजेतलं शेवटचं वर्ष चालू होतं. एकदा जेवताना तो म्हणाला की इतकी वर्षं नोकरी केल्याबद्दल त्याला शिक्षणाचा एक हक्क आहे, कोर्सच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं. त्याच्या युनिटमध्ये नुकतंच सांगितलं होतं की काही अटींवर तो हक्क बायकोच्या नावावर करता येतो, मात्र अंगावर युनिफॉर्म आहे तोवरच. माझा घास हातातच राहिला. नितीन आपला भात कालवत होता. "मला काय जमणार books वगैरे," तो म्हणाला, "पण असू दे. Later लागलं तर?" त्याचा दोस्त स्लाऊच्या एका गोदामात होता, तिथे त्याची नोकरी जवळजवळ पक्की होती. त्याला त्या हक्काचं काहीही करायचं नव्हतं, पण सोडवतही नव्हतं. माझ्या माहेरी एका काकांनी न वाजणारा रेडिओ असाच जपला होता.  बोलायचं तोंडाशी आलं होतं, पण मागायची लाज वाटली. माईंनी मात्र ताक पिऊन वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "तुझ्या बदल्या झाल्या तेव्हा सामान कोणी बांधलं रे?"

"वैशूने," नितीन म्हणाला.

"मग त्या नोकरीत अर्धी नोकरी तिची आहे. देऊन टाक."

दोन दिवस त्याने विचार केला आणि मग लॅपटॉपवर बसून सगळं रीतसर भरून पाठवलं. पण जेवताना पुन्हा गाडी मूळपदावर. "वैशू, तू घे, पण समजा मला पुढे कधी पाहिजे झाला, तर आपण बघू, हां?" झालं! माई ताडकन उठल्या. देवघरातून ताम्हन आणि पळी घेऊन आल्या. नितीन नुकताच कामावरून आलेला, अंगावर युनिफॉर्म, पायात ते भले थोरले बूट. "आधी बूट काढ. हात धू. इथे उभा राहा, पूर्वेला तोंड करून." पूर्वेला फ्रिज होता. आमच्याकडे तुळस नॉटिंगहॅमच्या थंडीत दर वर्षी दगावते, म्हणून माईंनी खिडकीतल्या कुंडीतलं कढीपत्त्याचं एक पान तोडलं, त्याच्या तळहातावर ठेवलं, वर पळीभर पाणी घातलं. "आता हे ताम्हनात सोड आणि म्हण, न मम."

"What does it mean, आई?"

"हे माझं नाही."

"पण मी online केलाय already!"

"ते त्यांच्यासाठी. हे आपल्यासाठी. उदक सोडल्याशिवाय दिलेलं दिलं होत नाही. मनात 'समजा' ठेवून कोणी दान करतं का रे?"

बिचारा सहा फुटी सार्जंट मोज्यांवर फ्रिजसमोर उभा राहून "न मम" म्हणाला. मी हसू दाबता दाबता रडायला लागले. माईंनी ताम्हनातलं पाणी नेऊन कढीपत्त्याला घातलं आणि मला म्हणाल्या, "डोळे पूस. आता काय शिकणार ते सांग."

ते मी कधीच ठरवलं होतं. केअर होममध्ये आंघोळी घालताना मी पाय बघायची. मांसात शिरलेली नखं, भेगाळलेल्या टाचा, चालताना डोळ्यांत पाणी आणणारी कुरुपं. सगळं ठीक असलेलं माणूस एका कुरुपापायी खुर्चीला खिळलेलं मी पाहिलं होतं. मला पायांची निगा राखायला शिकायचं होतं. निम्मा अभ्यास घरून आणि निम्मा प्रत्यक्ष पायांवर, असा फूट हेल्थचा डिप्लोमा होता आणि तो त्या हक्कात बसत होता. नितीन म्हणाला, "पाय? Seriously?" माईंची नजर दाराशी काढलेल्या बुटांकडे गेली. नानांचा रिकामा बूट कॉव्हेंट्रीच्या घरी कित्येक महिने दाराशी तसाच होता, हे मला ठाऊक होतं. मग त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा टाकायला उठल्या.

गणपतीत आम्ही कॉव्हेंट्रीला गेलो, तर बातमी आमच्याआधी पोचलेली. माईंची जुनी मैत्रीण शालनकाकू, जीभ अशी की सुपारी फुटेल. भर हॉलमध्ये म्हणाल्या, "अगं, डॉक्टरांची सून ना तू? आणि लोकांचे पाय धरणार?" माझे कान तापले. मी तोंड उघडणार तेवढ्यात माई म्हणाल्या, "शालन, आत्ता तू त्या आजोबांना वाकून नमस्कार केलास. त्यांच्या पायांकडे पाहिलंस का? नाही ना? ही बघते, एवढंच. आणि तू चपला काढून लंगडतेस ती कशाने, ते आधी सांग." शालनकाकू मोदक आणायला म्हणून उठल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत.

कोर्स पुढच्या उन्हाळ्यात सुरू झाला. पुस्तकी भाग मी दात-ओठ खात केला. पण हात बसायला पाय लागतात, आणि घरात पाय म्हणजे दोघांचेच. नितीनचे बाद झाले, कारण हा फौजी गडी तळपायाला बोट लागलं की पोरासारखा खिदळतो आणि लाथा झाडतो. पहिल्याच दिवशी त्याने माझा चष्मा उडवला. राहिल्या माई. त्यांनी आनंदाने पाय पुढे केले. उन्हाळ्यात सगळं सुरळीत चाललं, कारण मी कामावरून यायची तेव्हा बाहेर लख्ख ऊन असायचं. मग हिवाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर मागे गेली. मी साडेतीनला सुटून घरी येते, टॉवेल पसरते, नेलकटर उचलते, तर माईंनी पाय सरकन मागे ओढला. "अगं बाई! तिन्हीसांजेला नखं? वेड लागलंय का?"

"माई, चार वाजलेत!"

"बाहेर बघ. अंधार पडलाय. लक्ष्मी यायच्या वेळेला कोणी नखं कापतं का?"

मी हर प्रकारे समजावलं. सकाळी माझी शिफ्ट, रविवारी दिवसभराची शिफ्ट, आणि शनिवार मोकळा तर शनिवारी नखं कापायची नाहीत हेही माईंचंच. प्रॅक्टिकल परीक्षा ख्रिसमसनंतर होती. पुण्यात तिन्हीसांजा सहा-सातला होतात, इथे चारला, यात माझा काय गुन्हा? मी चिडले. "मग मी नापास होते, चालेल?" असं म्हणून टॉवेल गुंडाळून वर निघून गेले. दोन-तीन दिवस आमच्यात फक्त मीठ दे, भाजी वाढ, एवढंच बोलणं चाललं. नितीन दोघींच्या मध्ये मान खाली घालून जेवायचा.

मग एका संध्याकाळी मी दार उघडून आत आले, तर स्वयंपाकघरात माई पाटावर पाय ठेवून तयार. टॉवेल त्यांनीच पसरलेला. बाहेर मिट्ट अंधार. पण काहीतरी वेगळं होतं आणि ते काय हे मला पटकन कळेना. माई रोज अंधार पडताच देवापुढे निरांजन लावायच्या, ते लावलेलं नव्हतं. वात तेलात भिजवून तयार होती, काडेपेटी शेजारी होती.

"माई, दिवा?"

"तेच तर. दिवा लावला की तिन्हीसांज. मी अजून लावलेला नाही." त्यांनी पाय पुढे केला. "म्हणजे अजून झालेली नाही. चल, हात चालव."

"आणि लक्ष्मी?"

"थांबेल दारात. तिला कुठे ट्रेन पकडायचीय? आपल्याच घरात लक्ष्मी यावी म्हणून तर चाललंय हे." मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "मी विचारलंय देवांना. काही म्हणाले नाहीत ते."

आमच्या सासूबाई पंचांगापुढे कोणाचं ऐकत नसत. एकादशी चुकली म्हणून त्यांनी सख्ख्या नणंदेशी अबोला धरला होता. त्यांनी माझ्यासाठी संध्याकाळ थोपवून धरली... मला हुंदका आला, आणि त्या म्हणाल्या, "रडत नखं कापू नकोस, माझं बोट जाईल." तो सबंध हिवाळा आमच्याकडे तिन्हीसांज माझा अभ्यास आटोपल्यावर झाली, कधी पाचला, कधी सहाला. काम संपलं की मी हात धुवायची, माई दिवा लावायच्या, शुभंकरोति म्हणायच्या आणि विचारायच्या, "आज कशी कापलीस? शंभरात किती?"

प्रॅक्टिकलच्या आधी संकट यायलाच हवं, तसं आलं. मधल्या काळात फौज सोडून नितीन स्लाऊच्या त्या गोदामात लागला होता, तिथलं काम बंद पडलं. तो बॅग घेऊन परत आला आणि सोफ्यावर बसून राहिला. गॅरेजवाले सर्टिफिकेट मागत होते, फौजेतला अनुभव एवढाच पुरत नव्हता. कोर्स करायचा म्हटलं तर हक्क माझ्याकडे, आणि त्यातला थोडा भाग मी अजून वापरायचा राहिलेला. मला त्याच्याकडे बघवेना. एका सकाळी मी म्हटलं, "नितीन, मी इथेच थांबवते. उरलेलं तुझ्या नावावर परत होतंय का विचारू या."  पुन्हा एक अर्धवट गोष्ट, पुन्हा सामान बांधल्यासारखं. माई वाटाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता खिडकीकडे बोट दाखवलं.

"ते पाणी मी त्याला घातलंय. परत हवं असेल तर त्याच्याकडे मागा."

कढीपत्ता पावसाळी उजेडात मख्खपणे उभा होता. नितीन आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला आणि कितीतरी दिवसांनी हसला. "नको वैशू. ती पाणी मी सोडली ना? न मम म्हणजे न मम. तुझा exam दे तू. मी बघतो माझी." आणि त्याने पाहिलं. एका छोट्या गॅरेजवाल्याने त्याला हाताखाली घेतलं, काम करता करता सर्टिफिकेटही काढून दिलं. गाड्यांखाली झोपण्यात नितीन सुखी असतो, तो आजही तिथेच आहे. मी परीक्षा दिली आणि पास झाले. माईंनी शालनकाकूंना फोन करून सांगितलं, तो मला पलीकडच्या खोलीत ऐकू येईल अशा आवाजात.

पुढची गोष्ट सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. पास झाल्यावर सराव संपला, तरी दर पंधरा दिवसांनी माईंचे पाय बघायचा शिरस्ता मी मोडला नव्हता. त्या उन्हाळ्यात डाव्या अंगठ्याखाली मला एक लहानसा लाल ठिपका दिसला. दाबलं तर माईंना काहीच कळलं नाही. नानांचंही असंच सुरू झालं होतं. मी त्याच दुपारी त्यांना घेऊन हॉस्पिटल गाठलं. वाटेत बाई माझा हात घट्ट धरून बसल्या. तिथल्या टीमने मनापासून केलं, ड्रेसिंग, औषधं, खास बूट, आणि काही आठवड्यांत जखम भरली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. घरी आल्यावर माईंनी बूट काढले, पाय पाटावर ठेवले, आणि मला वाकायला लावून माझ्या कपाळाची पापी घेतली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "पाणी बरोबर ठिकाणी पडलं गं," एवढंच म्हणाल्या.

आता घरामागच्या गॅरेजमध्ये माझी खोली आहे. नितीनने भिंती रंगवल्या, दिवे बसवले. माणसं येतात, लंगडत येतात आणि बरीचशी सरळ चालत जातात. शालनकाकू कॉव्हेंट्रीहून ट्रेनने येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा माई मुद्दाम दारात उभ्या होत्या. "ये शालन, ये. माझी सून तुझे पाय धरायला केव्हाची थांबलीय!" दोघी मग इतक्या हसल्या की मला कुरूप काढता येईना. शनिवारी मी बंद ठेवते. सगळ्यांना शनिवारच सोयीचा पडतो, पण मी सांगते, सॉरी, मदर-इन-लॉज रूल्स. कढीपत्ता त्या खोलीच्या खिडकीत ठेवलाय, चांगला छातीएवढा झालाय.

त्या रविवारी हॉस्पिटलात शेवटचा नमस्कार करायला मी वाकले. दोन्ही पाय हातांत घेतले. नीट कापलेली नखं, मऊ टाचा, अंगठ्याखालची ती पुसट खूण. मी म्हटलं, "जा माई, दोन्ही पायांवर जा. नाना थांबलेत." नितीन माझ्यामागे उभा होता. तो म्हणाला, "आई चालत गेली, वैशू." आणि मग आम्ही दोघंही रडलो, मन भरून रडलो.

आता पुन्हा घड्याळं मागे गेलीत. माई नाहीत असा हा पहिला हिवाळा. चारला अंधार पडतो, माझ्यासमोर कोणाचे ना कोणाचे पाय टॉवेलवर असतात. देवापुढे वात नितीन भिजवून ठेवतो, ते काम आता त्याने घेतलंय. मग तो मागच्या दारातून डोकावतो, हातात काडेपेटी. "वैशू, दिवा लावू का?"

"थांब रे," मी म्हणते, "एक पाय राहिलाय अजून."

तो थांबतो. समोरच्या सगळ्या घरांत दिवे लागलेले असतात, रस्त्यावर काळोख असतो, आणि आमच्याकडे अजून तिन्हीसांज झालेली नसते.